बांडगुळाचा हिशेब आणि सलीम अली

आंब्याच्या फांदीवर बांडगूळ दिसले की कोकणातला बागायतदार कोयता काढतो. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला आपण बांडगूळ म्हणतो, यावरूनच या वनस्पतीबद्दलचे आपले मत कळते. खरे तर तिला स्वतःची हिरवी पाने असतात आणि अन्न ती स्वतःच तयार करते. पाणी आणि क्षार मात्र ती झाडाच्या फांदीत आपला मुळासारखा अवयव घुसवून ओढून घेते. त्यामुळे फांदी अशक्त होते, कधी वाळून जाते. बागायतदाराचा राग समजण्यासारखा आहे. पण जमिनीवर न रुजणारी ही वनस्पती एका झाडावरून दुसऱ्या झाडाच्या फांदीवर पोचते तरी कशी? कोकणातल्या या प्रश्नावर १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. लिहिणाऱ्याचे वय पस्तिशीच्या आसपास होते, नोकरी नुकतीच गेली होती आणि पदरी विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांचे नाव सलीम अली.

पक्षितज्ज्ञ सलीम अली आपल्याला माहीत असतात ते गळ्यात दुर्बीण अडकवलेले, पांढऱ्या दाढीचे, काटकुळे आजोबा म्हणून. त्यांच्या आयुष्याकडे आज जरा वेगळ्या बाजूने पाहू. कोणता जीव कोणावर किती अवलंबून आहे, हा प्रश्न त्यांच्या कामात वारंवार येतो. ते मोजायचे कसे, हे शास्त्राला नीट सांगता आले ते त्यांच्या मृत्यूनंतर.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भावंडांत ते शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात भावंडांना वाढवले. दहाएक वर्षांच्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली आणि तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांपासून सगळीकडे आहे. मामांनी त्याला सोसायटीच्या कचेरीत पाठवले, तिथे मिलर्ड या इंग्रज सचिवांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले. गोष्ट खरी आहे, पण ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की पुढचा प्रवास सरळ झाला असावा असा समज होतो. तसे झाले नाही.

सेंट झेवियर्स महाविद्यालयात लॉगरिदम आणि बीजगणिताशी त्यांचे जमले नाही. पहिल्याच वर्षानंतर शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशात तवॉयला गेले. तिथे घरच्यांचा टंगस्टनच्या खनिजाचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. धंद्यापेक्षा भोवतालच्या रानातच त्यांचे लक्ष जास्त. १९१७ मध्ये परतल्यावर दावर कॉलेजात त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेबनीस होण्याचे शिक्षण घेतले, त्याच्या जोडीला झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र. १९१८ मध्ये तेहमीना यांच्याशी लग्न झाले. दोघे पुन्हा ब्रह्मदेशात गेले, धंदा बुडाला, दोघे परत आले. पक्षितज्ज्ञाची एक सरकारी जागा निघाली होती, ती पदवी नाही म्हणून मिळाली नाही. शेवटी १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चरर म्हणून नोकरी लागली. म्युझियममध्ये येणाऱ्यांना पेंढा भरलेले प्राणी दाखवत माहिती सांगायची, असे ते काम होते.

दोनेक वर्षांत त्यांना त्याचा कंटाळा आला. रजा काढून ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान या मोठ्या पक्षितज्ज्ञाकडे शिकायला गेले. तोवर भारतातले पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः पक्षी मारणे, कातडी वाळवणे, लांबी मोजणे आणि नाव ठेवणे. जिवंत पक्षी दिवसभर काय करतो, काय खातो, याकडे लक्ष देणे हेही शास्त्रच आहे, ही दृष्टी त्यांना तिथे पक्की झाली. १९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती.

मुंबईतला खर्च परवडेना, म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. सुगरण पक्ष्याच्या संसाराचा त्यांचा गाजलेला अभ्यास तिथलाच. नर एक घरटे अर्धवट विणतो, मादीने पसंत केले की पुरे करतो, तिने अंडी घातली की पुढचे घरटे सुरू करून दुसरी मादी बघतो, हे त्यांनी तासन् तास बसून टिपले.

बांडगुळावरचा निबंध याच काळात प्रसिद्ध झाला. त्यात दोन प्रकारचे चिमुकले पक्षी आहेत. एक शिंजीर, चकचकीत रंगाचा, बाकदार लांब चोचीचा. दुसरा फुलटोच्या, मातकट रंगाचा, जेमतेम ८ सेंटिमीटर लांबीचा, भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. बांडगुळाची फुले नळीसारखी, नारिंगी, टोकाला हिरवट. पक्व कळी आपण होऊन उमलत बसत नाही. शिंजिराने चोचीने हलके दाबले की ती फटकन उघडते आणि परागकण त्याच्या डोक्याला चिकटतात. म्हणजे परागीभवन शिंजिराकडे. फळ पिकले की फुलटोच्याची पाळी. तो ते अख्खे गिळतो, गर पचतो आणि बी काही मिनिटांतच बाहेर पडते. त्या बीभोवती डिंकासारखा चिकट थर असतो, ते अंगाला चिकटून राहते, मग पक्षी ते फांदीवर घासून पुसून टाकतो. बांडगुळाला हवी होती ती जागा नेमकी हीच. बी जमिनीवर पडले असते तर फुकट गेले असते.

गावातल्या दवाखान्याशी तुलना केली तर हे लवकर समजेल. जनरल प्रॅक्टिशनरकडे सर्दीपासून पायाच्या मुरगळीपर्यंत सगळे जातात, स्पेशालिस्टकडे एकाच अवयवाचे रुग्ण. निसर्गातही असे दोन प्रकार आहेत. शिंजीर बांडगुळाखेरीज शेकडो फुलांवर जातो, कोळी आणि किडेही खातो. तो जनरल. फुलटोच्याचे पोट मात्र प्रामुख्याने बांडगुळाच्या फळांवर चालते. तो स्पेशालिस्ट. बांडगुळाचे काय? बी पेरण्यासाठी ते जवळजवळ एकट्या फुलटोच्यावर अवलंबून, पण राहण्यासाठी त्याला आंबा चालतो, चिकू चालतो, पेरू चालतो. आपल्याकडच्या या बांडगुळाची आजवर चारशेच्या आसपास यजमान झाडे नोंदली गेली आहेत. एकच वनस्पती एका नात्यात कमालीची चोखंदळ आणि दुसऱ्या नात्यात काहीही चालवून घेणारी. त्यामुळे अमुक प्रजाती स्पेशालिस्ट आहे, असे विधान कोणत्या नात्याबद्दल हे सांगितल्याशिवाय अर्धवट राहते.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, त्यांनी भारतातली पक्ष्यांची फुले आणि फुलांचे पक्षी असा मोठा निबंध लिहिला. फाल्गुनात पाने गळालेली काटेसावर लाल फुलांनी भरते तेव्हाची गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला हा विषय सांगायला नको. कावळे, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, भोरड्या, सगळे तिथे असतात, वर खारीही. पांगारा आणि पळसाचेही तेच. काटेसावरीच्या उघड्या वाडग्यासारख्या फुलातला मध कोणत्याही चोचीला पोचतो, बांडगुळाच्या बंद नळीतला पोचत नाही.

इथवर नुसत्या डोळ्यांनी कळते. अडचण मोजायला बसल्यावर येते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जोडीदार मोजणे. पक्षी दहा प्रकारची फळे खातो तर तो जनरल, एकच खातो तर स्पेशालिस्ट. पण समजा दोन पक्षी आहेत आणि दोघांच्या यादीत दहा-दहा फळे आहेत. पहिला दहाही सारख्या प्रमाणात खातो. दुसऱ्याच्या शंभर घासांतले ९१ एकाच फळाचे आणि उरलेल्या नऊ फळांचा एकेक घास. यादी सारखी, खाणे अगदी वेगळे. रिचर्ड लेविन्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये यावर एक उपाय सुचवला. प्रत्येक फळाच्या वाट्याचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि १ ला तिने भागायचे. पहिल्या पक्ष्याचे उत्तर १० येते, दुसऱ्याचे साधारण १.२. कागदावर दहा फळे खाणारा दुसरा पक्षी व्यवहारात सव्वा फळावर जगतो, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही दोन खड्डे उरतात. एक नोंदींच्या संख्येचा. एखादा दुर्मीळ पक्षी वर्षभरात एकदाच दिसला, एकाच झाडावर दिसला, की आकडेवारीत तो शंभर टक्के स्पेशालिस्ट. त्याने दुसरे झाड पाहिलेच नाही असे थोडेच आहे? आपण त्याला पाहिले नाही. दुसरा खड्डा उपलब्धतेचा. वाडीत ऐंशी टक्के फळे उंबराची असतील आणि बुलबुलाने शंभरातली ऐंशी उंबरे खाल्ली, तर ती उंबराची आवड की समोर जे आले ते खाल्ले? ज्या गावात एकच खानावळ आहे तिथल्या गिऱ्हाइकाला चोखंदळ म्हणता येत नाही.

या दुसऱ्या अडचणीवरचा आज बराच वापरला जाणारा निर्देशांक २००६ मध्ये जर्मनीतल्या निको ब्ल्यूटगेन आणि सहकाऱ्यांनी मांडला. पक्ष्याने प्रत्यक्ष काय निवडले आणि भोवताली जे होते त्याच प्रमाणात खाल्ले असते तर काय निवडले असते, यातला फरक तो मोजतो. उत्तर ० ते १ च्या दरम्यान येते. वर सांगितलेला बुलबुल शून्याजवळ. त्याच वाडीत वीस टक्केच बांडगुळाची फळे असताना शंभरातली पंच्याण्णव त्यांतलीच टिपणारा पक्षी १ च्या दिशेने बराच पुढे. भोवतालची फळे थेट मोजणे जमले नाही तर सगळ्या पक्ष्यांच्या भेटींची बेरीज करून अंदाज धरतात. हा तोडगाच आहे आणि त्याला मर्यादा आहेत, पण नुसत्या यादीपेक्षा तो पुष्कळ बरा. या गणिताच्या पोटात लॉगरिदम असतो, हे झेवियर्समधल्या त्या विद्यार्थ्याला कदाचित रुचले नसते.

सलीम अलींच्या काळात या निर्देशांकाला लागतात तशा भेटींच्या तक्त्यांची पद्धत रूढ नव्हती. त्यांनी दिली ती नात्यांची ओळख. कोण परागीभवन करतो, कोण बी नेतो, कोण नुसता मध चोरून जातो, हे आधी कळल्याशिवाय मोजायचे काय तेच ठरत नाही. भेट मोजणे सोपे आहे, भेटीतून काय झाले हे पाहायला बसावे लागते.

त्यानंतरची वीसेक वर्षे त्यांनी भारतभर फिरण्यात घालवली. संस्थानिकांना त्यांनी सांगून पाहिले की तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करतो, मानधन नको, फक्त खर्च द्या. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा पाहण्या झाल्या. तेहमीना बरोबर असत, तंबूचा संसार सांभाळत आणि त्यांचे इंग्रजी लेखनही तपासत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुण्याकडे राहून ते काम करत राहिले. १९४१ मध्ये बुक ऑफ इंडियन बर्ड्स आले आणि सामान्य वाचकाच्या हातात पक्षी ओळखायचे पुस्तक पडले.

आरोग्याच्या पानावर त्यांना आणण्याचे कारण मात्र १९५७ चे आहे. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. हाच तो माकडताप. तो पसरतो गोचिडींमधून. या विषाणूचे नाते रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंशी जुळले, तेव्हा एक शंका पुढे आली. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे पक्षी तर अंगावरच्या गोचिडींसोबत हा रोग घेऊन येत नसतील? उत्तरासाठी कोणता पक्षी कुठून येतो आणि अंगावर काय वाहून आणतो हे माहीत हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी अडकवण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. त्याचे नेतृत्व साठी ओलांडलेल्या सलीम अलींकडे होते. जाळ्यात पक्षी धरायचा, कडे घालायचे, अंगावरच्या गोचिडी वेचायच्या, पक्षी सोडून द्यायचा. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराशी संबंधित निधी मिळाला आणि त्यावरून देशात मोठे वादळ उठले.

स्थलांतरित पक्ष्यांनी हा विषाणू भारतात आणल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल मात्र खूप काही कळले. माकडतापाचे कोडे स्थानिक गोचिडींकडे वळले आणि इथे बांडगुळाचाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. हा रोग पसरवणारी मुख्य गोचीड आहे हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. आयुष्यात ती तीन वेळा रक्त पिते, दर वेळी नव्या प्राण्याचे, आणि मधल्या काळात जमिनीवरच्या पालापाचोळ्यात असते. अगदी लहान असताना आणि मधल्या अवस्थेत तिला उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड, माणूस, कोणीही चालते. प्रौढ झाल्यावर ती मोठ्या जनावरांकडे वळते, त्यातही रानात चरणाऱ्या गुरांकडे. मग ही गोचीड जनरल की स्पेशालिस्ट? सगळ्या वयांच्या गोचिडी एकत्र मोजल्या तर उत्तर दिशाभूल करणारे येईल. प्रत्येक अवस्थेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. माकडे मरून पडतात म्हणून ती नजरेत भरतात आणि सगळा दोष त्यांच्यावर जातो. बारके उंदीर आणि चिचुंद्र्या दिसत नाहीत, म्हणून मोजल्या जात नाहीत. गुरे सहसा या रोगाने आजारी पडत नाहीत, पण प्रौढ गोचिडींना रक्त पुरवून त्यांची संख्या वाढवतात. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात माकडताप पोचला, तेव्हा जंगलाला लागून असलेल्या काजूच्या बागांत जाणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता की धोका नेमका कोणत्या प्राण्यामागून येतो. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवावे, रानात जाताना अंग झाकावे, परतल्यावर अंगावर गोचीड आहे का ते पाहावे, ताप आल्यास रानात गेल्याचे डॉक्टरांना सांगावे, ही काळजी आजही तशीच लागू आहे. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही.

सलीम अलींची उरलेली वर्षे मानसन्मानांची होती. डिलन रिप्ली यांच्यासोबत लिहिलेले भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचे दहा खंड १९६८ ते १९७४ या काळात आले. त्यांत प्रत्येक पक्ष्याच्या नोंदीत त्याच्या खाण्याबद्दलचा मजकूर असतो. आज कोणी जाळ्यासारखी नाती मांडायला बसला की त्या नोंदींकडे वळतोच. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी प्रोस्टेटच्या कर्करोगाने मुंबईत त्यांचे निधन झाले.

बांडगुळाची गोष्ट तिथे थांबली नाही. १९८० च्या दशकात प्रिया डेव्हिडार यांनी निलगिरीत दाखवले की तिथल्या काही बांडगुळांची फुले आणि फळे दिसायला एकमेकांसारखी आहेत आणि दोन्ही कामे, परागीभवनाचे आणि बी नेण्याचे, फुलटोच्याच करतो. म्हणजे कोकणातली श्रमविभागणी सगळीकडे तशीच असेल असे नाही. शहरांत तर आणखी गंमत झाली आहे. मूळच्या अमेरिकेतल्या सिंगापूर चेरीची झाडे सोसायट्यांच्या आवारात आणि रस्त्याकडेला लागली, वर्षातला बराच काळ त्यांना गोड लाल फळे असतात आणि फुलटोच्याला ती फार आवडतात. त्याची बारीक टिक-टिक आता अशा झाडांतूनही ऐकू येते. सिंगापूर चेरीचे बी बारीक असते आणि त्याला जमीन चालते, फांदी लागत नाही. या शहरी फुलटोच्याचा निर्देशांक काढला तर तो किहीमच्या वाडीतल्या त्याच्या भाऊबंदापेक्षा वेगळा येईल. त्यासाठी कोणीतरी सकाळी दोन-तीन तास एका झाडाखाली वही घेऊन बसायला हवे.